लक्ष्यचिन्हाचा मध्य : छायाचित्रमितीतील मापनाच्या कसोट्यांचा इतिहास

छायाचित्रावरून वस्तूचे आकारमान व स्थान निश्चित करण्याच्या शास्त्राला छायाचित्रमिती, अथवा प्रचलित शब्दात फोटोग्रामेट्री, असे म्हणतात. या शास्त्राचा इतिहास सामान्यतः उपकरणांच्या क्रमाने सांगण्यात येतो : प्रथम कॅमेरा, नंतर काचांवरील मोजणीची यंत्रे, नंतर विमान, नंतर गणकयंत्र आणि शेवटी अंकीय प्रतिमा. हा क्रम चुकीचा नव्हे. परंतु त्याच्या आड एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. छायाचित्रातील एखाद्या खुणेचे स्थान अमुक इतक्या सूक्ष्मतेने मोजले, असे ज्या ज्या वेळी सांगण्यात आले, त्या त्या वेळी ते विधान खरे आहे हे कशावरून ठरविण्यात आले? हाती असलेल्या मापनाहून अधिक चांगले मापन उपलब्धच नसेल, तर त्याची परीक्षा घ्यावयाची कशी?

आजच्या अंकीय छायाचित्रमितीत हा प्रश्न विशेष तीव्र झाला आहे. विमानाचा सांगाडा, जहाजाचा बाह्यांग-पत्रा किंवा रेडिओ-दुर्बिणीची तबकडी मोजावयाची असल्यास तिच्यावर लहान वर्तुळाकार चकत्या चिकटविण्यात येतात. या चकत्यांना लक्ष्यचिन्हे म्हणता येईल. निरनिराळ्या जागांवरून वस्तूची छायाचित्रे घेतली जातात, प्रत्येक छायाचित्रातील प्रत्येक चिन्हाचा मध्य गणकयंत्र शोधून काढते आणि त्या मध्यांवरून वस्तूवरील बिंदूंची स्थाने गणिताने सिद्ध होतात. प्रतिमेतील मध्य एका पिक्सेलच्या पन्नासाव्या भागापर्यंत बिनचूक मिळतो, असे सांगितले जाते. कोडॅक कंपनीच्या १९९५ च्या सुमाराच्या डीसीएस ४६० या कॅमेऱ्यात पिक्सेलची रुंदी ९ मायक्रॉन होती. तिचा पन्नासावा भाग म्हणजे ०.१८ मायक्रॉन. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. ज्या प्रकाशाने चित्र उमटले, त्याच्या एका तरंगाहूनही लहान असे हे अंतर आहे. विधान मोठे आहे, आणि म्हणूनच त्याचा पुरावा कोणत्या जातीचा आहे हे पाहणे अगत्याचे ठरते.

या विवेचनात दोन शब्द वेगळे ठेवावे लागतील. तेच मापन पुनःपुन्हा केले असता उत्तरे एकमेकांच्या जवळ येणे हा काटेकोरपणा. उत्तर वस्तुस्थितीच्या जवळ असणे ही अचूकता. रोज नेमाने पाच मिनिटे पुढे असणारे घड्याळ काटेकोर आहे, अचूक नाही. काटेकोरपणा मापन करणाऱ्याला स्वतःच्याच नोंदींवरून तपासता येतो. अचूकतेसाठी मात्र बाहेरचे काही तरी लागते. हे बाहेरचे कोठून आणावयाचे, यावरच पुढील दोनशे वर्षांची बरीचशी खटपट झाली आहे.

या खटपटीचा आरंभ छायाचित्रणाच्याही पूर्वीचा आहे. ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७९६ मध्ये आपले साहाय्यक डेव्हिड किनब्रुक यांस कामावरून दूर केले. तारा दुर्बिणीतील उभी तार केव्हा ओलांडतो, हे घड्याळाचे ठोके ऐकत डोळ्यांनी ठरवावयाचे, अशी त्या काळची रीत होती. किनब्रुक यांची वेळ मॅस्केलिन यांच्या वेळेपेक्षा १७९५ च्या ऑगस्टमध्ये सुमारे अर्ध्या सेकंदाने मागे पडू लागली आणि पुढील जानेवारीपर्यंत हे अंतर ०.८ सेकंदावर गेले. मॅस्केलिन यांनी स्वतःचा वेध प्रमाण धरला आणि साहाय्यकाला सदोष ठरविले. पुढे कोनिग्झबर्ग येथील ज्योतिर्विद बेसेल यांचे लक्ष या नोंदीकडे गेले. त्यांनी १८२०-२१ च्या हिवाळ्यात वालबेक यांच्याबरोबर तेच तारे पाहून दोघांच्या वेळा ताडून पाहिल्या, तेव्हा दोन कसलेल्या वेधकर्त्यांमध्ये एका सेकंदाहून थोडे अधिक अंतर आढळले. यातून ‘वैयक्तिक समीकरण’ ही कल्पना रूढ झाली. किनब्रुक यांच्या उपजीविकेवर ज्याचा परिणाम झाला तो दोष त्यांच्या हलगर्जीपणाचा असेलच असे नाही, हे पंचवीस वर्षांनी ध्यानात आले. तथापि बेसेल यांच्या पद्धतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे : तिने दोन निरीक्षकांतील फरक कळतो, दोघांपैकी सत्याच्या जवळ कोण आहे हे कळत नाही.

छायाचित्रण आले तेव्हा डोळ्याच्या या लहरीतून सुटका होईल अशी आशा उत्पन्न झाली. वास्तुविशारद आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हे १८५८ मध्ये वेत्झलार येथील कॅथेड्रलचे मोजमाप घेत असताना उंचावरून पडता पडता वाचले. इमारतीवर न चढता तिच्या छायाचित्रावरून मापे काढावीत, हा विचार त्यांच्या मनात त्यानंतर दृढ झाला, आणि ‘फोटोग्रामेट्री’ हे नाव १८६७ मध्ये त्यांच्याच लेखाने प्रचारात आले. फ्रान्समध्ये लॉसेदा यांनी त्याच सुमारास भूमापनासाठी छायाचित्रे वापरण्याचा उद्योग चालविला होता. या दोघांच्या कामात अचूकतेची कसोटी साधी होती. इमारतीची किंवा भूभागाची काही मापे साखळीने अथवा कोनमापकाने घेतलेली असत. छायाचित्रावरून निघालेली मापे त्यांच्याशी पडताळून पाहावयाची. मापन मिलिमीटरच्या मोठ्या अपूर्णांकात होते तोवर तेवढे पुरे झाले.

ज्योतिर्विदांचे तेवढ्यावर भागण्यासारखे नव्हते. १८८७ च्या एप्रिल महिन्यात पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची तयार करण्याची योजना ठरली. निरनिराळ्या देशांतील वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. दुर्बिणींचे मान असे ठेवण्यात आले की, आकाशातील एक कला काचेवर एक मिलिमीटर यावी. म्हणजे एका विकलेला काचेवर जेमतेम १७ मायक्रॉन जागा मिळे. इतक्या सूक्ष्म मापनात काचेवरील जिलेटिनचा थर धुताना व वाळताना आक्रसला, तर सगळेच स्थानांक बिघडणार. म्हणून प्रत्येक काचेवर, ती धुण्यापूर्वीच, पाच मिलिमीटर अंतराच्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी प्रकाशाने उमटविण्यात येई. तारे आणि जाळी एकाच थरात एकाच वेळी धुतली जात. थर आक्रसला तर जाळीही आक्रसे, आणि मूळ जाळीची मापे ठाऊक असल्याने दोष उघडा पडे. छायाचित्राने स्वतःच्याच अंगावर स्वतःच्या परीक्षेचे साधन वागवावे, ही या शास्त्राच्या इतिहासातील अत्यंत फलदायी कल्पनांपैकी एक होय. पुढे छायाचित्रमितीच्या कॅमेऱ्यांतही अशा जाळ्या बसविण्यात आल्या.

हैदराबाद संस्थानात, ज्यात त्या वेळी मराठवाडाही होता, निजामिया वेधशाळेने या योजनेतील दक्षिणेकडील १७ ते २३ अंश क्रांतीचा पट्टा स्वीकारला. ही वेधशाळा नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्थापिली व १९०८ मध्ये ती निजाम सरकारकडे आली. दक्षिणेकडील हे काम संपल्यावर उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही तिने हाती घेतला. तो मूळचा पॉट्सडॅमच्या वाट्याचा होता. सूचीच्या छापील खंडांकडे आज पाहिले असता आकड्यांचे रकाने तेवढे दिसतात. त्या प्रत्येक आकड्यामागे कोणी तरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ताऱ्याच्या काळ्या ठिपक्याचा मध्य ठरविलेला आहे. अर्थात छायाचित्रणाने डोळा निवृत्त झाला नव्हता; दुर्बिणीपाशी बसणारा डोळा मोजणीच्या मेजापाशी येऊन बसला, एवढेच. म्हणून अनेक वेधशाळांत प्रत्येक काच एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून, अशी दोनदा मोजण्याची प्रथा पडली. मोजणाऱ्याला ठिपक्याच्या किंचित उजवीकडे तार लावण्याची सवय असेल, तर काच फिरविल्यावर तीच सवय उलट दिशेने काम करते, आणि दोहोंच्या सरासरीत ती नाहीशी होते. बेसेल यांना दोन माणसे लागली होती. येथे एकाच माणसाकडून, अधिक चांगल्या जाणकाराची मदत न घेता, त्याचा दोष बाहेर काढला गेला. या युक्तीचे मर्म ध्यानात ठेवण्यासारखे आहे : दोन मापनांत बाकी सर्व तसेच ठेवून केवळ संशयित दोषाचे चिन्ह बदलावयाचे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मापनाची रीत बदलली. येना येथील झाइस कारखान्यातील कार्ल पुलफ्रिख यांनी १९०१ मध्ये स्टिरिओकंपॅरेटर हे यंत्र पुढे आणले. केप टाउन येथे फोर्केड यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे तशीच रचना मांडली. दोन जागांवरून घेतलेल्या दोन काचा दोन डोळ्यांनी एकाच वेळी पाहावयाच्या, म्हणजे मनात एकच खोलीयुक्त दृश्य उभे राहते. आणि यंत्रातील एक खूण त्या दृश्यात तरंगत असल्यासारखी दिसते. ही तरंगती खूण डोंगराच्या उतारावर अलगद टेकवली की त्या बिंदूचे माप मिळाले. एका डोळ्याने ठिपका दुभागण्यापेक्षा दोन डोळ्यांनी खोली जुळविणे अधिक सूक्ष्म होते, असा अनुभव आला, आणि पुढे अर्धशतकभर नकाशे तयार करण्याचा मोठा भाग या तत्त्वावर उभा राहिला. व्हिएन्ना येथील फोन ओरेल यांच्या स्टिरिओऑटोग्राफने तर खुणेच्या हालचालीबरोबर समोच्चरेषा थेट कागदावर काढण्यास आरंभ केला. वेगाच्या दृष्टीने ही प्रगती होतीच. परीक्षेच्या दृष्टीने तिला प्रगती म्हणणे कठीण आहे. काचेवरील स्थानांक कोठेच लिहिले जात नसल्याने, रेषा चुकली तर चूक काचेची, भिंगाची, यंत्राच्या दांड्यांची की चालकाच्या डोळ्याची, हे सांगण्यास काहीच शिल्लक राहत नसे.

याच यंत्रातून डोळ्याचा एक अनपेक्षित दोष पुढे आला. दोन्ही काचांची काळिमा सारखी नसली आणि दृश्य सरकत असले, तर तरंगती खूण खरोखरीपेक्षा पुढे किंवा मागे असल्याचा भास होतो. अंधुक प्रतिमेची वार्ता डोळ्याकडून मेंदूकडे किंचित उशिरा पोहोचते, हे त्याचे कारण. पुलफ्रिख यांनी १९२२ मध्ये याचे विवेचन प्रसिद्ध केले आणि आजही या घटनेला त्यांचेच नाव आहे. एका डोळ्यापुढे काळसर काच धरून समोर सरळ रेषेत झुलणाऱ्या लंबकाकडे पाहिले, तर तो लंबवर्तुळात फिरताना दिसतो. स्वतः पुलफ्रिख यांची एका डोळ्याची दृष्टी १९०६ मध्येच गेली होती. त्यामुळे आपल्या नावाचा हा भास त्यांना कधीच पाहता आला नाही. आपल्याला न दिसणाऱ्या भासाविषयी इतरांच्या नोंदींवरून त्यांनी जे लिहिले, ते टिकले.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन घडामोडी जवळजवळ एकत्र झाल्या. पहिली म्हणजे विद्युतीय गणकयंत्र. क्षेपणास्त्रांचे मार्ग मोजण्याच्या कामी हेलमुट श्मिट आणि डुएन ब्राउन यांनी छायाचित्रमितीचे गणित नव्याने मांडले. ब्राउन यांच्या १९५८ च्या प्रतिवृत्तात अनेक कॅमेऱ्यांतून निघालेले सर्व किरण एकाच वेळी, किमान वर्गांच्या रीतीने, परस्परांशी जुळवून घेण्याची पद्धत आहे. हिला किरणपुंजांचे समायोजन म्हणतात. यात काचेवर प्रत्यक्ष मोजलेला स्थानांक आणि समायोजनानंतर निघालेला स्थानांक यांतील फरक, म्हणजे अवशेष, प्रत्येक बिंदूसाठी मिळतो. ओरेल यांच्या यंत्राने जी नोंद पुसून टाकली होती ती अशा रीतीने परत आली. दुसरी घडामोड म्हणजे चालकाच्या डोळ्याचा पद्धतशीर अभ्यास. १९६७ मध्ये ओ’कॉनर यांनी आणि १९७१ मध्ये न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन ट्रिंडर यांनी अनुक्रमे दृष्टीचे गुणधर्म व प्रतिमेचा अस्पष्टपणा यांचा खूण लावण्याच्या सूक्ष्मतेवर होणारा परिणाम प्रयोगांनी तपासला. चिन्हाचा आकार, मोजणीच्या खुणेचा आकार आणि कडेची धार यांच्या परस्परसंबंधावर बरेच अवलंबून असते, असे दिसून आले. हेच ट्रिंडर पुढे १९८९ मध्ये अंकीय प्रतिमेतील लक्ष्यस्थानाच्या काटेकोरपणावर लिहू लागले. माणूस बदलून यंत्र आले तरी विचारावयाचा प्रश्न तोच होता.

तथापि या काळातील परीक्षेची सर्वांत सुंदर रीत ब्राउन यांची आहे, आणि ती गवंड्याच्या हत्याराने सिद्ध झाली. भिंग सरळ रेषेचे चित्र किंचित वाकडे काढते. हा वाकडेपणा मोजावयाचा तर एरवी अनेक बिंदूंची खरी स्थाने भिंगापेक्षाही अधिक सूक्ष्मतेने ठाऊक असावी लागतात. ब्राउन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत काळ्या पार्श्वभूमीपुढे बारीक दोरे ओळंब्यांनी ताणून सोडले जात. हेलकावे थांबावेत म्हणून ओळंबे तेलात बुडविलेले असत. मग दोऱ्यांचे छायाचित्र घ्यावयाचे, कॅमेरा काटकोनात फिरवून पुन्हा घ्यावयाचे, आणि प्रत्येक दोऱ्याच्या प्रतिमेवर अनेक ठिकाणी मोजणी करावयाची. दोरा कोठे आहे, किती अंतरावर आहे, शेजारच्या दोऱ्यापासून किती दूर आहे, यांतील काहीही ठाऊक असण्याची गरज नाही. तो सरळ आहे, एवढे पुरे. आणि ते गुरुत्वाकर्षणाने हमीपूर्वक सांगितलेले आहे. निर्दोष यथादर्शन-चित्रात सरळ रेषा सरळच राहते, म्हणून प्रतिमेत जे वाकडे दिसेल ते भिंगाचे. येथे परीक्षक परीक्षार्थीहून अधिक अचूक होता असे नाही. परीक्षार्थीच्या गणितातील कोणतेही गृहीत त्याने उसने घेतलेले नव्हते, यात त्याचे सामर्थ्य होते.

डेल्फ्ट येथील बार्डा यांनी १९६८ मध्ये भूमापनाच्या जाळ्यांसाठी मांडलेली चाचणी याच्या शेजारी ठेवून पाहावी. एखादे निरीक्षण चुकले असेल तर जाळ्यातील इतर निरीक्षणांवरून ते कितपत पकडता येईल, आणि न पकडलेली चूक अंतिम उत्तरात किती शिरेल, याचे गणित बार्डा यांनी दिले. १९८८ मध्ये कूपर व क्रॉस यांनी छायाचित्रमितीच्या वाचकांसाठी काटेकोरपणा, विश्वसनीयता आणि अचूकता या तीन कल्पना स्पष्टपणे वेगळ्या करून मांडल्या. तो भेद कागदावर मान्य झाला. व्यवहारात मात्र समायोजनातून निघालेला काटेकोरपणाचा आकडाच पुष्कळदा अचूकता म्हणून छापला जात राहिला, आणि आजही जातो.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाशग्राही पटलाची कल्पना मांडली. १९८० नंतरच्या दशकात ते छायाचित्रमितीत शिरले. काचेवर प्रकाशाने काळे कण उमटत. येथे चौकोनी घरांची एक ठरलेली मांडणी असते आणि प्रत्येक घरातील प्रकाश एका संख्येने नोंदविला जातो. लक्ष्यचिन्हाची प्रतिमा सात पिक्सेल व्यासाची असली तर ती सुमारे ३८ घरे व्यापते. प्रत्येक घराची प्रकाशसंख्या हे त्या घराचे वजन मानले, तर सर्व घरांचा गुरुत्वमध्य एका घराच्या अपूर्णांकात निघतो. एकेक संख्या ओबडधोबड असली तरी अडतीस संख्यांच्या मेळातून मध्य बारकाईने ठरतो. पिक्सेलपेक्षा लहान माप मिळण्याचे रहस्य एवढेच आहे. गुरुत्वमध्याखेरीज कडांवर लंबवर्तुळ बसविण्याची आणि आदर्श नमुन्याशी प्रतिमा जुळविण्याची अशा इतर रीतीही निघाल्या. यांतील शेवटच्या रीतीला ग्रुएन यांच्या १९८५ च्या लेखाने पक्के रूप दिले.

आता डोळा खरोखरच गेला होता. त्याची जागा कोणत्या दोषांनी घेतली? पहिला धक्का पटलाने नव्हे, तर पटल आणि गणकयंत्र यांना जोडणाऱ्या तारेने दिला. त्या काळचे कॅमेरे घरांतील संख्या दूरचित्रवाणीच्या संकेतात रूपांतरित करून पाठवीत, आणि दुसऱ्या टोकाचे यंत्र त्या संकेताचे पुन्हा तुकडे पाडी. दोन्ही टोकांची घड्याळे तंतोतंत जुळत नसत, त्यामुळे प्रतिमेतील प्रत्येक ओळ किंचित डावी-उजवीकडे सरके. कॅमेरा सुरू केल्यावर तापत असताना प्रतिमाही सरके. डेलर यांनी १९८७ मध्ये या अडचणींकडे लक्ष वेधले आणि झ्यूरिखच्या ईटीएच संस्थेतील बायर यांच्या १९९२ च्या प्रबंधात त्यांचा सविस्तर तपास झाला. किनब्रुक यांच्या घड्याळाच्या ठोक्यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. वेळेच्या नोंदीतील चूक पुन्हा एकदा स्थानाच्या चुकीच्या रूपाने प्रकट झाली. पटलावरून थेट संख्याच साठविणारे कॅमेरे आले, तेव्हा हा दोष बहुतांशी मिटला.

राहिला तो मध्य शोधण्याच्या रीतींचा प्रश्न. शॉर्टिस, क्लार्क व शॉर्ट यांनी १९९४ मध्ये गुरुत्वमध्य, घंटाकृती वक्र बसविणे आणि लंबवर्तुळ बसविणे या रीतींची तुलना कृत्रिम प्रतिमांवर केली. १९९५ मध्ये शॉर्टिस, क्लार्क व रॉबसन यांनी व्यवहारातील प्रतिमांवर अशाच चाचणीचा विषय घेतला. कृत्रिम प्रतिमेचा मोठा गुण हा की, चिन्हाचा खरा मध्य कोठे आहे हे तिच्या कर्त्याला ठाऊक असते. चिन्ह पिक्सेलच्या जाळीवरून हळूहळू सरकविले, तर गुरुत्वमध्याची चूक कशी लाटेसारखी वर-खाली होते, प्रतिमा एक-दोन पिक्सेलची असल्यास ती लाट किती मोठी असते आणि व्यास पाचच्या पुढे गेल्यावर ती कशी विरते, हे अशा प्रतिमांवर स्वच्छ पाहता येते. उणीवही त्याच गुणात आहे. कृत्रिम प्रतिमेत तिच्या कर्त्याने घातलेलेच दोष असतात. भिंगाने कडेला पसरविलेला प्रकाश, चकतीची झिजलेली कड, अतिप्रकाशाने सपाट झालेले शिखर, यांपैकी जे त्याला सुचले नाही त्याची परीक्षाच झाली नाही.

म्हणून खरे चिन्ह खऱ्या सूक्ष्मसरक मेजावर बसवून ठराविक अंतराने हलवावयाचे आणि प्रतिमेतील मध्य तितकाच हलतो काय हे पाहावयाचे, असाही मार्ग आहे. यात पिक्सेलच्या जाळीमुळे होणारी लाट प्रत्यक्ष सापडते. परंतु चिन्हाचा मध्य प्रत्येक वेळी सारख्याच बाजूला सारखाच चुकत असेल, तर दोन स्थानांच्या वजाबाकीत ती चूक उडून जाते आणि चाचणी निर्मळ निकाल देते. तिसरा मार्ग समायोजनाचे अवशेष पाहण्याचा. तो सर्वांत सोयीचा, म्हणून सर्वांत लोकप्रिय. अवशेष लहान आले की मापन उत्तम, असे मानण्याचा मोह सहज होतो.

हा मोह किती फसवा आहे, हे वर्तुळाच्या मध्याच्या प्रकरणात स्पष्ट होते. वर्तुळाकार चिन्ह तिरपे पाहिले असता त्याची प्रतिमा लंबवर्तुळ होते, हे सर्वविदित आहे. मात्र त्या लंबवर्तुळाचा मध्य म्हणजे वर्तुळाच्या मध्याची प्रतिमा नव्हे. चिन्हाची जवळची अर्धी बाजू दूरच्या अर्ध्या बाजूपेक्षा मोठी दिसते, म्हणून लंबवर्तुळाचा मध्य जवळच्या बाजूकडे सरकतो. हा सरक किती, याचा हिशेब कठीण नाही : भिंगाच्या नाभीय अंतराला चिन्हाच्या त्रिज्येच्या वर्गाने आणि तिरपेपणाच्या कोनाच्या दुपटीच्या ज्येने गुणावे आणि कॅमेऱ्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या दुपटीने भागावे. २० मिलिमीटर नाभीय अंतराचा कॅमेरा, एक मीटर अंतर, ४५ अंशांचा तिरपेपणा आणि २० मिलिमीटर व्यासाचे चिन्ह घेतले तर सरक एक मायक्रॉन येतो. वर उल्लेखिलेल्या कॅमेऱ्यात तो पिक्सेलचा नववा भाग झाला, म्हणजे ज्या सूक्ष्मतेचा दावा केला जातो तिच्या पाचपटींहून अधिक. तेच चिन्ह ५ मिलिमीटर व्यासाचे असेल तर प्रतिमा सुमारे ११ पिक्सेलची राहते आणि सरक ०.०६ मायक्रॉनवर येतो.

या आकड्यांत एक विरोध दडलेला आहे. चिन्ह मोठे केले की अधिक पिक्सेल मिळतात, गुरुत्वमध्य अधिक काटेकोर होतो आणि पुनःपुन्हा घेतलेली मापने अधिकाधिक जुळू लागतात. पण सरक व्यासाच्या वर्गाने वाढत असल्याने अचूकता त्याच पावलाने घटते. जो केवळ काटेकोरपणा पाहील तो मोठे चिन्ह निवडील. अवशेषांकडे पाहूनही त्याला सावध होता येईलच असे नाही, कारण चिन्हे एकाच पृष्ठभागावर, एकाच दिशेला तोंड करून असली, तर सरकाचा बराचसा भाग कॅमेऱ्याच्या स्थानात किंवा भिंगाच्या स्थिरांकांत मुरून जातो आणि अवशेष लहानच राहतात. डोल्ड यांनी १९९६ मध्ये मोठ्या चिन्हांचा समायोजनावर होणारा परिणाम तपासला. १९९९ मध्ये आन, वार्नेके व कोटोव्स्की यांनी वर्तुळाकार चिन्हांच्या या नियमित त्रुटीचे विवेचन केले. यथादर्शनाचे भूमितीशास्त्र शतकानुशतके ठाऊक होते. गणित नवे नव्हते. मापनाच्या इतर त्रुटी त्याहून मोठ्या होत्या तोवर त्याच्याकडे पाहण्याचे कारण पडले नव्हते.

१९९२ मध्ये क्लाइव्ह फ्रेझर यांच्या एका लेखाच्या शीर्षकातच दहा लक्षांत एक भाग एवढ्या सूक्ष्मतेचे छायाचित्रमितीय मापन हा विषय आला. दहा मीटर वस्तूवर हे प्रमाण एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके होते. असे प्रमाण ज्या क्षेत्रात उच्चारले जाऊ लागले, तेथे कारखानदाराला आतल्या पुराव्यावर अवलंबून राहणे परवडणारे नव्हते. विमानाचा भाग साच्यात बसतो की नाही, हे अवशेषांवरून कळत नाही. जर्मन अभियंत्यांच्या संघटनांनी २००२ मध्ये व्हीडीआय/व्हीडीई २६३४ या मार्गदर्शक मानकाचा पहिला भाग प्रसिद्ध केला, तो या गरजेतून. त्यात यंत्राच्या अंतर्गत आकड्यांना स्थान नाही. मापनक्षेत्रात निरनिराळ्या दिशांनी निदान सात रेषांवर प्रत्येकी निदान पाच ज्ञात लांबी मोजावयाच्या, आणि मोजलेली लांबी प्रमाणित लांबीपासून किती ढळली तेवढेच पाहावयाचे. मायडेनबाउअर यांच्या काळातील पडताळा या रूपाने दीडशे वर्षांच्या सुमारास परत आला; फरक इतकाच की साखळीच्या जागी प्रमाणित दंड आला.

मात्र या दंडाकडे जवळून पाहिले असता जुनाच प्रश्न पुन्हा समोर येतो. दंडाच्या दोन टोकांना तीच लक्ष्यचिन्हे असतात. त्यांच्या मध्यांतील लांबी प्रमाणित करावयाची तर प्रकाशाच्या व्यतिकरणाने दंड किती सरकला हे फार उत्तम मोजता येते, पण प्रत्येक टोकाला सूक्ष्मदर्शकाखाली चिन्हाचा मध्य कोणी तरी ठरवावाच लागतो. प्रकाश परत फेकणाऱ्या काचकणांच्या चकतीचा मध्य समोरून पाहिल्यास एक असतो; तिरपे पाहिल्यास तिच्या जाडीमुळे आणि झाकणीच्या कडेमुळे तो किंचित निराळा भासतो. म्हणून काटेकोर प्रयोगशाळेत दंड एकदा सरळ आणि एकदा उलट ठेवून मोजण्यात येतो, जसा शंभर वर्षांपूर्वी ताऱ्यांच्या काचा मोजण्यात येत.